चौथ्या ग्लासाची गोष्ट

शनिवारच्या लांब टेबलावर वाइनचा चौथा ग्लास आला की मी उठून उभी राहायचे. दुपारचे दोन वाजलेले असायचे. तोवर तीन ग्लास पोटात गेलेले, पाहुणे सैलावलेले, एखादीनं सँडल काढून पाय खुर्चीवर घेतलेले. अशा वेळी माणसाला गोष्ट ऐकावीशी वाटते, आणि आमच्याकडं प्रत्येक ग्लासाबरोबर काहीतरी सांगायची पद्धतच होती. पहिल्याबरोबर माळाच्या मातीचं कौतुक, दुसऱ्याबरोबर भिंतीवरच्या एखाद्या चित्राचं, तिसऱ्याला शेफ स्वतः येऊन बोलायचा. चौथ्या ग्लासाबरोबर मी माझा बाप सांगायचे.

हे लिहिताना माझी मलाच चीड येते. येऊ दे. दोन वर्षं हसत हसत सांगितलं, आता न हसता लिहून बघते.

अंबड रस्त्यापासून चार-पाच किलोमीटर आत आमच्या गावाचा माळ आहे. शेळ्यासुद्धा तिथं नाइलाजानं चरायच्या. मुंबईच्या एका मॅडमनी तो घेतला आणि वर्षा-दोन वर्षांत तिथं वाइनची द्राक्षं, दगडी बांधणीचे आठ बंगले, चित्रांचं दालन आणि जेवायचा मोठा हॉल उभा राहिला. समृद्धी महामार्गावरून गाड्या यायला लागल्या. लोक यायचे, बंगल्यात झोपायचे, चित्रांपुढं मान तिरकी करून उभे राहायचे आणि जेवायचे. जेवण म्हणजे काय विचारता! परातीएवढी ताटली, तिच्यात मधोमध बोटभर मटण आणि बाजूला ठेच्याचा एक ठिपका. आमच्या घरी एवढं रिकामं ताट पाहुण्यापुढं गेलं असतं तर माझ्या मायनं हात जोडून माफी मागितली असती.

मी जालन्यात कॉलेज केलं, मग संभाजीनगरच्या एका हॉटेलात तीन वर्षं काढली. तिथं माझं इंग्रजी सुधारलं आणि स्वभाव बिघडला. माय गेली, घरी आबा एकटे पडले, म्हणून मी परत आले. आबा म्हणजे माझे वडील. मॅडमच्या त्या माळावरच्या इस्टेटीत मला पाहुण्यांची उठबस करायचं काम मिळालं. घरापासून स्कुटीवर दहा मिनिटं. मला वाटलं, चला, नशीब निघालं.

आबांना आमच्या भागात द्राक्षातला माणूस म्हणत. उगाच नाही. त्यांच्या बागेतला मणी एवढा मोठा असायचा की बाहेरगावचे व्यापारी मापं घेऊन बागेत फिरायचे आणि एकमेकांना हाका मारून दाखवायचे. खायच्या द्राक्षात सगळा मान मण्याच्या आकाराला. तो आकार आपोआप येत नाही. मणी फुगवायचं एक औषध असतं, त्याला सगळे जीए म्हणतात. ते पाण्यात कालवून मग्यात घ्यायचं आणि वेलीवरचा एकेक घड त्यात बुडवायचा. बुडवायचा, बाहेर काढून हलकाच झटकायचा, की पुढचा घड. सबंध बागेत एकही घड सुटता कामा नये. आमच्याकडं हे काम माय करायची. पंधरा बायका हाताखाली, पण बुडवून झालेल्या ओळीतून ती परत एकदा स्वतः फिरायची.

मग ती आजारी पडली आणि वाळत गेली. आबांनी तिला काय नाही खाऊ घातलं! सकाळी शेळीचं दूध, दुपारी डिंकाचा लाडू, कुणी सांगितलं म्हणून गव्हाचा चीक. अंगाला काही लागेना. शेवटी शेवटी तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. ती गेली त्याच साली आबांनी बाग काढून टाकली आणि तिथं मोसंबी लावली. पुढं द्राक्षाचं नाव काढलं नाही.

इस्टेटीचा वाइनमेकर त्यांना बागेच्या देखरेखीसाठी बोलवायला आला तेव्हा मला वाटलं हे नाही म्हणतील. पण आबा लगेच उठले, टोपी घातली, म्हणाले, "चला, बघू तरी काय करून राह्यले." पहिल्याच दिवशी वाइनमेकरनं बागेत उभं राहून सांगितलं की वाइनला मणी बारीकच लागतो. रंग सालीत, चव सालीत. मणी फुगला की आत नुसतं पाणी. म्हणून पाणी कमी, खत कमी, आणि जीए तर बिलकुल नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

आबांच्या "बरं"चा अर्थ मला माहीत होता. पटलं नाही, पण वाद घालणार नाही, असा तो "बरं" असायचा. मी वाइनमेकरला सावध करायला पाहिजे होतं. नाही केलं.

दुसऱ्या हंगामात वाइनमेकर भावाच्या लग्नाला नाशिककडं गेला तो तिकडच्याच कामात अडकला, दोन महिने आला नाही. आबांनी घरातला जुना हिरवा मगा काढला. हॉलसमोरच्या सहा ओळी होत्या, मॅडमच्या खास बाटलीसाठी राखून ठेवलेल्या. तीन सकाळी आबांनी त्या सहा ओळींतला एकेक घड जीएत बुडवला. एकट्यानं. मजूर बायांना हात लावू दिला नाही. मी तिसऱ्या सकाळी पाहिलं तेव्हा शेवटची ओळ चालली होती.

"आबा, काहून करून राह्यले हे? न्हाई म्हनले ना ते?" मी ओरडलेच.

आबा थांबले नाहीत. घड बुडवत बुडवत म्हणाले, "बारीक मणी बघून मला तुझी माय दिसती. रोज दिसती. तिच्या अंगाला काही लावता आलं न्हाई माझ्याच्यानं. ह्यांना तरी लावतो."

मी परत फिरले आणि वाइनमेकरला फोन केला नाही. तेवढी एक गोष्ट मी आयुष्यात बापासाठी धड केली असेन.

मणी फुगले. अरे बापरे, कसले फुगले! पाहुणे थांबून फोटो काढायला लागले. आबा ओळीच्या तोंडाशी उभे राहून बघायचे आणि कुणी नसलं की घडाखाली तळहात धरून वजन बघायचे. मायच्या मागं पहिल्यांदा मी त्यांना पोटभर जेवताना पाहिलं.

वाइनमेकर आला, त्यानं एक मणी तोंडात टाकला आणि थुंकला. घड गच्च झाले होते, आतले मणी एकमेकांच्या दाटीनं फुटत होते, बुरशी धरायला लागली होती. रस काढून पाहिला तर फिक्कट पाणी. तो आबांना हाकलूनच देणार होता. आबा त्या दिवशी तीर्थपुरीला मायच्या माहेरी लग्नाला गेल्ते, म्हणून समोर कुणी बोललं नाही. मॅडमनी सगळं ऐकलं, माझ्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलून हसत सुटल्या. म्हणाल्या, "इसको निकालना मत. ये आदमी तो सोना है!"

दोन टोपल्या द्राक्षं फोटोसाठी ठेवली. बाकीची सहा ओळींतली सगळी ट्रॉलीत भरून मागच्या खड्ड्यात ओतली. मी तिथं उभी होते. फुटलेल्या मण्यांवर माश्या घोंगावत होत्या आणि ट्रॉलीवाला म्हणत होता की डुकरं चैन करतील.

आबा परत आले ते थेट ओळीत. वेली मोकळ्या बघून धावत माझ्याकडं आले. "तोडली? कशी निघली?"

"लई भारी निघली आबा," मी म्हणाले. "खास बाटली काढनार हाएत त्याची. तुमचा फोटो लावनार हाएत."

का बोलले? त्यांचा चेहरा बघवला नाही म्हणून. तेव्हा खरंच तेवढंच होतं. फोटोही खरा निघाला. शहरातून एक चित्रकार-फोटोग्राफर आला, त्यानं आबांना टोपल्यांपुढं उभं केलं, हातात मगा दिला. हिरवा मगा पानांत दिसेना म्हणून दुकानातून नवा लाल आणला. तो फोटो माणसाच्या उंचीएवढा करून चित्रांच्या दालनात लावला. आबांनी आयुष्यात दारूला शिवलं नव्हतं, पण ती खास बाटली कशी लागती म्हणून मला दोनदा विचारलं. गोड लागते म्हणून मी सांगून टाकलं. आणि त्या सहा ओळींना पुढच्या साली जीएमुळं घडच आले नाहीत, तर म्हणाले, "दमल्या असत्यान. एवढं मोठं बाळंतपन केल्तं."

मग मॅडमनी मला चौथा ग्लास दिला. त्याची गोष्ट तू सांग, म्हणाल्या, तुझ्याच घरची आहे.

पहिल्यांदा मी ग्लास दोन्ही हातांत धरून सांगितलं. इंग्रजीत सांगत होते. एक म्हातारा, आयुष्यभर मोठी द्राक्षं पिकवलेला. त्याला आमची द्राक्षं उपाशी दिसली. त्यानं चोरून त्यांना तीन दिवस औषध पाजलं. आणि जगातली सर्वांत सुंदर, सर्वांत निरुपयोगी द्राक्षं पिकवली. लोक हसले. मनापासून हसले. एक जण टाळ्या वाजवायला लागला. मला काय झालं कोण जाणे, मला ते आवडलं. हॉटेलात तीन वर्षं मी वाकून वाकून बोलले होते, कुणी तोंडाकडं बघितलं नव्हतं. इथं वीस माणसं ग्लास हातात धरून माझ्याकडं बघत होती.

पुढच्या शनिवारी मी जास्त सांगितलं. तो वेलींशी बोलतो म्हणून सांगितलं. घडाला अंगाई म्हणतो म्हणून सांगितलं, जे साफ खोटं. आणि एका शनिवारी टेबल जरा थंड वाटलं, हसू येईना, तेव्हा मी थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "त्याला घरात बायको काही जाड करता आली नाही. मग त्यानं आमची द्राक्षं जाड केली."

टेबल कोसळलं. मॅडमच्या डोळ्यांतून हसता हसता पाणी आलं. त्या दिवसापासून ते वाक्य कायमचं झालं. त्याच्या आधी थांबायचं किती, ग्लास कोणत्या हातात धरायचा, सगळं ठरून गेलं. माझ्या मायच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, आणि मी त्या वाक्याआधी किती थांबायचं याची तालीम आरशापुढं करत होते. मला लाज वाटली का? पहिल्या रविवारी वाटली. पुढच्या रविवारी केस धुतले आणि झोपले.

मॅडमची सूचना होती की म्हाताऱ्याला प्रत्यक्ष आणावं. मी घरी येऊन सांगितलं, "आबा, पाहुण्यांना तुम्हाला बघायचंय." आबांनी पांढरा सदरा स्वतः इस्त्री केला. मग दर शनिवारी ते माझ्या शेजारी उभे राहायचे. मी इंग्रजीत बोलायचे आणि मध्येच मराठीत म्हणायचे, "आबा, हात दाखवा." आबा दोन्ही हात पुढं करायचे, तळवे वर, आणि मान खाली घालून स्वतःच्याच हातांकडं बघत राहायचे. तोंडावर असं हसू की नव्या नवरीनं लाजावं. बरोबर तेव्हाच मी ते वाक्य टाकायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटायचं, लेक आपल्या बागेचं सांगून राह्यली, लोक खूश होऊन राह्यले. घरी जाताना स्कुटीवर मागून म्हणायचे, "आज लई हसले गं. चांगली मानसं हाएत."

असं सव्वा वर्ष चाललं. मग पुण्याच्या एक बाई आल्या. साठीच्या, सुती साडी, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. जेवणानंतर पाहुणे चित्रांच्या दालनात फिरायचे आणि आबा आपल्याच फोटोशेजारी उभे राहायचे, कारण लोकांना दोघांबरोबर मिळून फोटो हवा असायचा. मी पलीकडं कॉफी देत होते. पाहिलं तर त्या बाई आबांचा हात धरून बोलत होत्या. आबा ऐकत होते. मग आबांनी काहीतरी विचारलं. त्या परत बोलल्या, सावकाश, वर्गात समजावून सांगावं तशा. आबांनी हात मागं बांधले. माझ्या हातातली किटली मी टेबलावर ठेवून दिली.

बाई माझ्याकडं आल्या. "अगं, मी काकांना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, चूक कुणाकडूनही होते. तर ते म्हणाले, कसली चूक? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं का?" मी कप गोळा करायला लागले, तर त्या पुढं म्हणाल्या, "मग मी सगळी गोष्ट त्यांना मराठीत सांगितली. त्यांच्या पत्नीवरचं वाक्यही सांगितलं. किती सुंदर वाक्य आहे गं ते, डोळ्यांत पाणी येतं."

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी "थँक्यू मॅम" म्हणाले.

स्कुटीवर आबा मागं बसले. मोसंबीच्या बागेपाशी आलो तेव्हा खांद्यावर हात ठेवून थांब म्हणाले. उतरले. बागेकडं तोंड करून विचारलं, "कुठं टाकली?"

"मागच्या खड्ड्यात."

"सगळी?"

"व्हय."

"तू बघितली टाकताना?"

"व्हय आबा."

ते परत गाडीवर बसले. घरी गेल्यावर हातपाय धुतले, जेवले, ताट स्वतः घासून ठेवलं. सबंध आठवडा आमच्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. मी म्हणत होते, मला शिव्या द्या, दोन ठेवून द्या, काहीतरी करा. त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही.

शनिवारी सकाळी बघते तर आबा दाढी करून, पांढरा सदरा घालून ओट्यावर बसलेले.

"नका येऊ आबा. मी सोडते ही नोकरी. आजच सांगते."

"सोडून कुठं जाशीन? परत संभाजीनगरला. मंग मी ह्या घरात कोनाकडं बघू?"

मी रडायला लागले. आबांनी रडू दिलं. मग म्हणाले, "सगळ्यात मोठ्यानं हसतेत, ते तिच्यावरच ना?"

"व्हय."

"मगा हिरवा व्हता. तुम्ही लाल केला. करा. अंगाई काय, उपाशी काय, सांग, मला काही न्हाई त्याचं. मला राहू दे त्याच्यात. तिला काढ."

मी त्यांच्या पायावर हात ठेवून म्हणाले, काढते.

त्या दुपारी टेबल भरलेलं होतं. मॅडम टेबलाच्या तोंडाशी, शेजारी त्यांचे कुणी बडे पाहुणे. चौथा ग्लास आला. मी उभी राहिले, सांगायला लागले. उपाशी द्राक्षं, चोरून औषध, तीन सकाळी. लोक हसत होते. "आबा, हात दाखवा," मी म्हणाले. आबांनी हात पुढं केले, मान खाली घातली. या वेळी हसू नव्हतं तोंडावर. मी ठरवल्याप्रमाणे ते वाक्य सोडलं. पण जिभेला सवय लागलेली, मी तिथं थांबले. नेहमीएवढीच थांबले आणि पुढचं काय बोलायचं तेच सुचेना. सबंध टेबल माझ्याकडं बघत होतं.

मॅडमना वाटलं मी विसरले. त्यांना गोष्ट तोंडपाठ होती. त्यांनी लाडानं माझ्याकडं बघितलं, ग्लास उचलला आणि ते वाक्य त्यांनीच म्हटलं. माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत, बरोबर जिथं पाहिजे तिथं थांबून.

टेबल कोसळलं. नेहमीपेक्षाही जोरात.

आबांनी मान वर केली नव्हती. इंग्रजी कोण बोललं ते त्यांना कळलं नाही, फक्त हसणं ऐकू आलं, ते मोठं हसणं, कुठं येतं ते त्यांना आता माहीत झालेलं. त्यांनी हात हळूहळू खाली घेतले आणि सदऱ्याला पुसले. मग चेहरा वर करून माझ्याकडं बघितलं. मला तिथंच ओरडून सांगायचं होतं. नाही ओरडले. पाचवा ग्लास येत होता, मी बाजूला सरकले आणि वेटरला जागा दिली.

परत जाताना मी मोसंबीच्या बागेपाशी स्वतःहून गाडी थांबवली. मागं वळून म्हणाले, "आबा, मायची शप्पथ, मी न्हाई बोलले ते. मी सोडल्तं. मॅडम बोलल्या."

"बरं," आबा म्हणाले.

"खरं सांगून राह्यले आबा!"

आबांनी बागेकडं तोंड केलं. मग शांतपणे विचारलं, "त्या मॅडमला कोनी सांगितलं?"